साचवून ठेवलेली फिरकी

माझ्या पोरीला चोर म्हणाली ती. तीस पोरांसमोर, आणि तेही प्रामाणिकपणाचा धडा शिकवताना! मी पुष्पाबाई. सुरतेत, पांडेसऱ्यात घरबसल्या धागा कटिंगचं काम करते. नव्या साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कापायचे, बस. सात महिने मी एकेक धागा कापताना त्या बाईचं नाव घेतलं. देवाचं घेतलं असतं तर एव्हाना देव भेटला असता.

बाई म्हणजे उज्ज्वला मॅडम. नवरा बँकेत मोठा साहेब, पाच वर्षांपूर्वी बदली होऊन पुण्याहून इथे आलेले. भेस्तानला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी मॅडम संस्कारवर्ग घेतात. श्लोक, सुविचार, मोठ्यांना वाकून नमस्कार. शीतलला मीच हाताला धरून तिथे घातली. अकरा वर्षांची पोर, दिवसभर गल्लीत गुजराती नाहीतर हिंदी झाडते. म्हटलं, चार चांगले संस्कार तरी होतील. झाले की! चांगलेच झाले.

दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. वर्ग सुटल्यावर सतरंज्या गुंडाळताना शीतलला मॅडमच्या कानातलं सोन्याचं फूल सापडलं. मॅडम तोवर गाडीत बसून गेलेल्या. पोरीने ते कागदात गुंडाळून कंपासपेटीत ठेवलं, घरी येऊन मला दाखवलं. मी म्हटलं, "रविवारी आठवणीनं देऊन टाक."

रविवारी मॅडमनी विचारलं, "माझं कानातलं कुणाला मिळालं का?" शीतल टुणकन उभी राहिली. "मला मिळालं, मॅडम! मी साचवून ठेवलंय!"

आता बघा, आम्हा सुरतवाल्यांच्या तोंडात गुजराती शब्द कधी शिरतात ते आम्हालाही कळत नाही. कुणी गावाला निघालं की आमची शेजारीण म्हणते, "साचवीने जजो." म्हणजे जपून जा. आमच्या पोरांसाठी साचवणं म्हणजे जपून ठेवणं. पण मॅडमच्या पुणेरी मराठीत साचवणं म्हणजे गोळा करणं, ढीग लावणं.

"साचवून?" मॅडम म्हणाल्या. "अजून काय काय साचवलंयस ते तरी बघू." आणि सगळ्यांसमोर तिचं दप्तर उपडं केलं. खडूचे दोन तुकडे निघाले, कुणाचं तरी खोडरबर निघालं. कानातलं मिळालं, पण त्याची मागची फिरकी काही दिसेना. "ती कुठे दडवलीस?" पोर म्हणाली, माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, "मुलांनो, एका चोरीमागे दुसरं खोटं येतं ते असं." तिला वर्ग सुटेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

घरी आली ती हुंदके देतच. "मम्मी, मी चोरी नही करी." घाबरली की ती आमच्या खान्देशातलं बोलते. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठले आणि मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिले. शब्दाचा घोळ समजावून सांगितला, हात जोडले. जाळीचं दार उघडलंसुद्धा नाही हो तिने. आतूनच म्हणाली, "पुष्पाबाई, शब्दाचं सोडा. वृत्ती दिसतेच."

वृत्ती! माय वं, माझ्या पोरीची वृत्ती!

त्या दिवसापासून गल्लीत शीतलचं नाव 'साचू' पडलं. कुणाची पेन्सिल हरवली की "साचूला विचारा." तिने वर्ग सोडला, मग खेळणं सोडलं. शाळेत जमिनीवर काही पडलेलं दिसलं तरी वळसा घालून जायची. नवरा, काशिनाथ, म्हणायचा, "शीतलनी माय, सोड आता. मोठी माणसं ती." सोडू? मला फक्त एक हवं होतं. ज्या पोरांसमोर तिने माझ्या पोरीला चोर ठरवलं, त्याच पोरांसमोर तिने आपली चूक कबूल करावी. आणि खरं सांगते, ते करताना तिला रडताना बघायचं होतं.

एक मेला महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता. शीतल यायला तयार नव्हती, तिला ओढतच नेलं. हॉल खचाखच भरलेला. सूत्रसंचालन मॅडमचं. काय बोलायचं ते मी कात्री चालवताना शंभरदा घोकलं होतं. पण देवानेच माझं काम हलकं केलं.

मॅडमची मुलगी केतकी 'माझे संस्कार' यावर बोलायला उभी राहिली. शीतलच्याच वयाची. आईने लिहून दिलेलं घडाघडा म्हणत होती, मधेच अडकली. बावरून इकडे तिकडे पाहिलं आणि स्वतःच्या मनाने बोलायला लागली. "मला पप्पांनी पहिलीत एक पेन दिलं होतं. ते मी अजून साचवून ठेवलंय."

मी ताडकन उभी राहिले.

"मॅडम! अजून काय काय साचवलंय हो तुमच्या लेकीने? करा की तिचं दप्तर उपडं!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मागच्या रांगेतली पोरं खिदळली. कुणीतरी ओरडलं, "साचू!" झालं, सगळ्यांनी तेच धरलं. "साचू! साचू!" केतकीचा चेहरा पडला.

मॅडम माईकजवळ धावल्या. "अहो, काहीतरीच काय! तिला जपून ठेवलं असं म्हणायचंय!"

"असं होय? मग माझ्या पोरीला काय म्हणायचं होतं?"

मॅडम माईकपासून मागे सरकल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान! सात महिने मी याच क्षणासाठी जगले होते. काय गोड लागला म्हणून सांगू! "वृत्ती दिसते म्हणालात ना? आता बोला. माईकमध्ये बोला."

मॅडमनी माईक धरला.  "शीतल चोर नव्हती. चूक माझी झाली." आणि रडल्या. मला हवं होतं तसंच.

पण पोरं थांबेनात. "साचू, साचू" चालूच. केतकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं तसं उभं राहायला.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली. बघते तर शीतल स्टेजवर. केतकीचा हात धरून तिने पोरांकडे वळून ओरडून सांगितलं, "गप्प बसा! साचू मी आहे." पोरं गप्प झाली. मग खिशातून कागदाची पुडी काढून तिने मॅडमच्या हातावर ठेवली. "तुमची फिरकी. त्या दिवशी घरी गेल्यावर कंपासच्या खाचेत सापडली. आज यावंच लागलं, म्हणून स्टेजवर गुपचूप ठेवून देणार होते. हातात दिली असती तर तुम्ही परत चोर म्हणाला असता."

मॅडम मटकन खालीच बसल्या. माझ्या शंभर शब्दांनी झालं नसतं ते त्या एवढ्याशा फिरकीने केलं. मनात म्हटलं, मॅडम, बरी अद्दल घडली! ज्या पोरीने सोनं आपणहून दिलं, तिला प्रामाणिकपणा शिकवून तुम्ही लपवायला शिकवलंत.

रिक्षात बसल्यावर मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सात महिने ती फिरकी माझ्याच घरात होती.

"शीतल, मला का नाही सांगितलंस गं?"

ती बाहेर बघत होती. "तू लगेच परत भांडायला गेली असतीस, मम्मी. मग फिरकी माझ्याकडेच निघाली, असं सगळ्यांना कळलं असतं." मग म्हणाली, "केतकीने काय केलं होतं?"

  एका पोरीचा डाग पुसायला मी दुसरीला लावून आले होते.

आता येत्या रविवारी हॉलवर जाऊन सगळ्या पोरांसमोर माफी मागणार आहे. केतकीची हं. तिच्या आईची नाही.