पदकाच्या दिवशीचा ताप

आईला नीट सांगता येत नाही, हे आमच्या घरात केव्हाच ठरून गेलं होतं. ती गोष्ट मधूनच सुरू करते, कुठली बदली कुठल्या सालातली ते विसरते आणि लढाईचं विचारलं तर स्टोव्हचं सांगते. त्यामुळे फौजी कुटुंबांचे फोटो आणि आठवणी जपून ठेवणाऱ्या एका संग्रहातून फोन आला आणि त्यांनी आईची मुलाखत मागितली, तेव्हा मी लगेच म्हटलं, मी सोबत येते. त्यांनी नको म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

मी शाळेत शिकवते. चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. घरी आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा मी पेनाने दुरुस्त करून ठेवते, आणि याचा मला आतापर्यंत अभिमानच होता. त्यात आजोबा फौजेत, बाबा फौजेत. आमच्याकडे अघळपघळ बोलायची सोय नव्हती. आई तेवढी अघळपघळ बोलायची, आणि तिला कुणीतरी आवरतं घ्यायचं. आधी बाबा घ्यायचे. ते गेल्यावर हे काम आपसूक माझ्याकडे आलं.

बाबांची काळी पत्र्याची ट्रंक आम्ही होती तशी संग्रहात नेली. झाकणावर पांढऱ्या रंगात बाबांचा हुद्दा आहे. बढती झाली की आई जुन्या हुद्द्यावर काळा रंग फासायची आणि वर नवा हुद्दा लिहायची, त्यामुळे झाकणाचा तेवढा भाग हाताला जाड लागतो. आत अल्बम होते, सुटे फोटो होते आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

तिथे काम पाहणारी बाई तिशीतली असेल. निळे रबरी हातमोजे घालून ती एकेक फोटो असा उचलायची, की तान्हं बाळ न्हाणीतून काढतेय असं वाटावं. मी मनातल्या मनात तिचं नाव हातमोजे ठेवलं. टेप सुरू करण्यापूर्वी तिने आईला नियम सांगितले.

"आजी, आम्ही टेप मध्ये थांबवत नाही आणि नंतर कापतही नाही. जे बोललं जाईल ते तसंच राहतं. पण एखादा भाग अमुक काळ कुणाला ऐकवू नका, असं तुम्ही सांगू शकता. तो हक्क फक्त बोलणाऱ्याचा."

मी मान डोलावली. दुसऱ्याच वर्गाला दिलेल्या सूचना ऐकाव्यात तशी.

मुलाखत झकास झाली, असं मला वाटलं. आई जिथे अडली तिथे मी सांभाळून घेतलं. पदकाचा फोटो निघाला तेव्हा तर मी रंगातच आले. तो फोटो मला तोंडपाठ आहे. बाबा ताठ उभे, बुटांवर ऊन चमकतंय, छातीवर पदक लावलं जातंय. नदीकाठच्या चौकीवरून जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन येणारा माणूस, ही गोष्ट मी दर वर्षी शाळेत मुलांना सांगते, आणि त्या दिवशी टेपलाही सांगितली. परतताना बसमध्ये मी आईला म्हटलं, "बघ, किती छान झालं!"

"हो ना," आई म्हणाली, "तू होतीस म्हणून."

मी ते कौतुक म्हणून घेतलं. वाईट म्हणजे, तिनेही ते कौतुक म्हणूनच केलं होतं.

काही आठवड्यांनी टेपवरून उतरवून काढलेले कागद घरी आले. घरच्यांनी एकदा वाचून गावांची, माणसांची नावं तपासून द्यायची, अशी त्यांची पद्धत. मी चहा केला, लाल पेन घेतलं आणि ऐटीत बसले. आईच्या बोलण्याआधी 'आजी' असं लिहिलं होतं, माझ्या बोलण्याआधी 'मुलगी'.

पहिल्या पानावर मी दोन ठिकाणी पेन चालवलं. तिसऱ्या पानावर थांबले. पानभर 'मुलगी, मुलगी, मुलगी'. आजी कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

आजी : हे आम्ही टेकडीवरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हाचं. तिथे पाणी इतकं गार की...

मुलगी : टेकडीवरचं नाही आई, त्यानंतरचं. मागे झाड बघ.

आजी : बरं. असेल.

आजी : ही माझी शेजारीण. हिचा नवरा चौकीवर यांच्याबरोबर होता. तो आलाच नाही परत. मी तिच्याकडे गेले, तर ती...

मुलगी : आई, त्यांना बाबांच्या फोटोंबद्दल हवंय.

आजी : बरं.

आणि मग पदकाचं पान आलं.

आजी : त्या दिवशी सकाळी हे बूटच घालेनात. पलंगावर बसून राहिले. म्हणाले, हे माझं नाही, मी त्याला तिथेच...

मुलगी : त्यांना ताप होता त्या दिवशी. अंगात ताप असताना गेले ते. आणि बाबा फार नम्र होते, स्वतःकडे काही घ्यायचेच नाहीत. मी सांगते चौकीवर काय झालं ते.

त्यानंतर दोन पानं सलग मी. माझं शाळेतलं भाषण, एका शब्दाचा फरक नाही. त्याखाली कंसात उतरवणाऱ्याने लिहिलं होतं : (आजी काही बोलत नाहीत.)

माझे कान तापले. घरात कुणी नव्हतं, तरी मी कागद पालथे घातले. 'मी त्याला तिथेच' याच्या पुढे आई काय म्हणणार होती? कुणाला तिथेच? समोर भिंतीवर काचेच्या चौकटीत बाबांचं पदक होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

आणि ताप? ताप होता हे मला कसं ठाऊक? मी तेव्हा पहिली-दुसरीत होते. मला ते कुणीतरी सांगितलं असणार, आणि घरात सांगणारं होतंच कोण? आईनेच सांगितलं असणार, पोरीची समजूत काढायला. तीच थाप मी तिच्या तोंडावर, टेप चालू असताना, दुरुस्ती म्हणून फेकली होती. लाज वाटली हे म्हणणं फार सभ्य झालं. मला स्वतःची किळस आली.

पण लाजेने माणूस शहाणा होतोच असं नाही. माझ्या डोक्यात आधी काय आलं असेल, तर हेच, की हे लोकांनी वाचता कामा नये. दुसऱ्या दिवशी मी संग्रहात जाऊन थडकले.

"माझा आवाज तेवढा काढून टाका," मी हातमोजेला सांगितलं. "मुलाखत आईची आहे. मी मध्ये मध्ये उगाच बोललेय."

"टेपला कात्री लावत नाही आम्ही, मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, त्यामुळे जास्तच लागला. "आजींनी सांगितलं तर ती बंद ठेवता येईल. पण ते आजींनीच सांगायला हवं."

म्हणजे आईला सांगणं आलं. संध्याकाळी आई शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर कागद ठेवले आणि म्हटलं, "आई, यात सगळं मीच बोलले आहे."

आईने चष्मा लावला आणि बोट ठेवून थोडं वाचलं. "छान बोललीस की! माझं मेलीचं काय, मी कुठून कुठे जाते. तुझं कसं छापल्यासारखं आहे."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. आईला टोमणे मारता येत नाहीत. तिला खरंच वाटत होतं की मी तिची अब्रू राखली.

"तू परत जा," मी म्हटलं. "एकटी बोल. मी बाहेर बसेन."

"एकटी? आणि चुकले तर?"

"चूक."

आईने हातातली शेंग सोलून संपवली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दाराच्या बाहेर बसशील ना? अगदी बाहेर?"

"अगदी बाहेर."

त्या खोलीच्या दाराला उभी काच आहे. समोरच्या बाकावर मी वह्या तपासायला घेऊन बसले आणि एकही वही उघडली नाही. आवाज येत नव्हता, पण आई दिसत होती. आधी ती हात मांडीवर ठेवून शाळकरी मुलीसारखी बसली. मग एक हात सुटला, मग दुसरा. घरी ती अशी बोलत नाही. ती खदखदून हसली, हातमोजेसुद्धा हसली. बहुतेक स्टोव्हचं चाललं असावं. तो स्टोव्हचा किस्सा मी कधी शेवटपर्यंत ऐकलेला नाही, हे माझ्या तिथे बाकावर ध्यानात आलं.

मग आईचं हसू गेलं. ती खुर्चीतून पुढे वाकली, तिने खालून काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि दोन्ही हातांनी नाड्या ओढून गाठ मारली. जड बुटाच्या नाड्या. वाकलेली असतानाच तिने मान वर करून कुणाच्या तरी चेहऱ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने तिने स्वतःच्या कपाळावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. हातमोजेने पाण्याचा पेला पुढे सरकवला. मी उठून दाराच्या मुठीला हात घातला होता. घातलेला हात मागे घेताना मला किती जड गेलं, ते सांगायचीही लाज वाटते.

बाहेर आल्यावर आई प्रसाधनगृहाकडे गेली. हातमोजे माझ्याजवळ आली. हातमोजे काढल्यावर तिचे हात अगदी लहान दिसत होते.

"आजी फार सुंदर बोलल्या," ती म्हणाली. "पदकाच्या भागावर मात्र त्यांनी अट घातली आहे. तो भाग इतक्यात उघडायचा नाही."

"आई आहे तोवर ना?" मी म्हटलं. "बरोबर आहे. ठेवा बंद."

तिने दाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही मॅडम. तुम्ही आहात तोवर."

मी 'बरं' म्हटलं. आईचा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असेल.

बसथांब्यावर आम्ही दोघी बसलो. आईचा घसा बसला होता, पण चेहरा असा मोकळा, जसं घरातलं सगळं सामान हलवून केर काढलाय. मला तिचा हेवा वाटला आणि तिच्याकडे पाहवेना.

"आई, मला सांग ना," मी शेवटी म्हटलं. "आत सांगितलंस ते. मी मध्ये बोलणार नाही."

आईने पिशवी मांडीवर ओढली. "त्या सकाळी तू खोलीत आलीस. विचारलंस, बाबा बूट का घालत नाहीत? मी म्हटलं, ताप आहे त्यांना. मला दुसरं काय सुचणार? तर तू पलंगावर चढलीस, त्यांच्या कपाळाला हात लावलास आणि म्हणालीस, हो गं, खूप तापलंय. गार होतं गं कपाळ. बर्फासारखं. त्यांनी तुझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग मुकाट्याने पाय पुढे केले. मी नाड्या बांधल्या."

"आणि त्याआधी? ते काय म्हणत होते?"

"ते तिथे सांगून झालं. तिथे राहू दे."

"पण माझ्यापासून का लपवायचं, आई? मी काय परकी आहे?"

"लपवायचं कुठे आहे? कधीपासून सांगतेय. पण तुला सांगितलं की तू म्हणतेस, तसं नव्हतं. एकदा म्हणालीस, दोनदा म्हणालीस, की मलाही वाटायला लागतं, नसेल तसं. मग माझ्याकडे काहीच उरत नाही बघ." ती हे अगदी सहज बोलली, दुधाचा हिशोब सांगावा तसं. "एका जागी तरी आहे तसं राहू दे म्हटलं."

"असं काही नाही गं आई," मी म्हणाले. लगेच म्हणाले. म्हणून झाल्यावर मला ते ऐकू आलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि बस येतेय का ते बघत म्हणाली, "बरं. नसेल."