खिडकीवाल्या गाण्याचं तिसरं रेकॉर्डिंग

आमचे हे खोटं बोलत नाहीत. कौतुकाने नाही, वैतागून सांगतेय. पाहुण्यांनी दारात "अवेळी तर नाही ना आलो?" असं विचारलं की इतर माणसं "छे छे, या ना" म्हणतात. हे मात्र "थोडं अवेळीच आलात" असं म्हणून मोकळे होतात. जन्मभर औषधांच्या दुकानात उभं राहून थेंब मोजलेला माणूस, त्याला सगळं जसंच्या तसं लागतं. म्हणूनच चारचौघांत ह्यांना खोटं पाडलं गेलं तेव्हा माझं डोकं फिरलं. तसं ते एरवीही लवकर फिरतं.

चष्म्याच्या दुकानावर एक माडी आहे. तिथे दर रविवारी दुपारी जुन्या गाण्यांची वेडी माणसं जमतात. चष्मेवाले स्वतः त्यांचे म्होरके. दर वेळी एकच गाणं घ्यायचं, पण त्याची जेवढी रेकॉर्डिंग सापडतील तेवढी सगळी. तरुणपणी गायलेलं, म्हातारपणी गायलेलं, दुसऱ्याच कुणी गायलेलं. एक पडदा लावलेला असतो आणि चष्मेवाले त्याच्यामागे बसून रेकॉर्ड लावतात, म्हणजे कुठलं कुठलं ते आधी कुणालाच कळत नाही. प्रत्येकाच्या हातात चष्म्याचं एक रिकामं घर दिलेलं असतं. गाणं आवडलं की टाळी वाजवायची नाही, ते घर टक्कन मिटायचं. नाही आवडलं तर उघडं ठेवून गप्प बसायचं. अशी थेरं आहेत तिथली, पण आमचे हे त्यात रमले होते. रविवारी सकाळपासूनच शर्टाला इस्त्री चालायची.

तर त्या माडीवर एकदा खिडकीवाल्या गाण्याचा विषय निघाला. खिडकी उघडी ठेव, मी येतेय, असं ती बाई म्हणते, ते गाणं. आमच्या वयाच्या प्रत्येकाला ते तोंडपाठ आहे. चष्मेवाले म्हणाले, ह्याची दोनच रेकॉर्डिंग झाली. पहिलं नुसत्या अकॉर्डियनवर, संथ. दुसरं बऱ्याच वर्षांनी, मागे व्हायोलिनांचा मोठा ताफा घेऊन. आमचे हे म्हणाले, "तिसरंही आहे. आमच्या घरी आहे."

आता ह्यात खोटं काही नव्हतं. माझ्या शिवणाच्या खोलीत एक छोटा रेकॉर्ड प्लेअर आहे. लग्नातला आहेर, सुटकेसएवढा. मी त्याला डबडं म्हणते. त्या डबड्यावर कायम एकच रेकॉर्ड असते, खिडकीवाल्या गाण्याची. तिच्यावर कधीतरी चहा सांडला आणि मधला कागद पार पुसला गेला, त्यामुळे ती कुठल्या सालची, कुणी काढलेली, काही वाचता येत नाही. ह्यांनी पुढे स्वतःसाठी मोठं मशीन घेतलं, कपाटभर रेकॉर्डी जमवल्या, पण माझ्या डबड्याला आणि त्या रेकॉर्डला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्या गाण्यावर मी शिवण करते. माझ्या पायाच्या मशीनची गती आणि त्या गाण्याची गती एकच झालीय.

आणि आमच्याकडचं गाणं खरंच वेगळं होतं. अकॉर्डियनच, पण चांगलं तुरुतुरु चालणारं. आणि ती बाई आमच्याकडे कोवळ्या आवाजात गायची. बाहेर रेडिओवर ऐकलं की वाटायचं, हिची थोरली बहीण गातेय. ह्यांनी त्यावरून एक सिद्धांतच मांडला होता. म्हणे ती अगदी पोरसवदा असताना कुणीतरी हे गाणं भरून घेतलं असणार, थोड्याच प्रती निघाल्या असणार, आणि त्यातली एक देवाच्या कृपेने आपल्याकडे आली.

पुढच्या रविवारी हे ती रेकॉर्ड छातीशी धरून निघाले. मी पहिल्यांदाच बरोबर गेले. म्हटलं, नवऱ्याचा मान होतोय तर डोळ्यांनी बघावं.

पडद्यामागून आधी व्हायोलिनवालं लागलं. टकाटक घरं मिटली. मग अकॉर्डियनवालं संथ. तेव्हाही मिटली. मग चष्मेवाले म्हणाले, "आणि आता गोळीवाल्यांचं तिसरं." ह्यांना तिथे सगळे गोळीवालेच म्हणतात. सुई टेकली, आणि पहिल्या ओळीलाच माझा पाय चुकला. मी खाली पाय हलवत होते, मशीनवर हलवते तसा, आणि गाणं माझ्यामागे रेंगाळत राहिलं. ते आधीचं संथ गाणंच होतं, शब्दाला शब्द, श्वासाला श्वास. एकही घर मिटलं नाही.

चष्मेवाले पडद्याबाहेर आले. हसले नाहीत, तेवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाले, "गोळीवाले, ही पहिलीच आहे हो." पुढच्या रांगेत शाळेतल्या मोठ्या बाई बसतात, निवृत्त झाल्या तरी आवाज वर्गातलाच आहे. त्या म्हणाल्या, "होतं असं. वय झालं की कान फसवतात."

हे उठले. रेकॉर्ड पाकिटात घातली, चष्म्याचं घर खुर्चीवर ठेवलं आणि जिना उतरले.

मला वाटलं, चष्मेवाल्यांनीच पडद्यामागे हातचलाखी केली. पण चहाचा डाग आमचाच होता. घरी पोचल्या पोचल्या मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डबड्यावर लावून बघू. डबड्याने मुहूर्त साधला. बटण दाबल्याबरोबर आतून घरघर आली, जळका वास सुटला आणि ते ठप्प झालं.

"राहू दे," हे म्हणाले. "मीच इतकी वर्षं भलतं ऐकत होतो."

त्यानंतर ह्यांनी गाणं ऐकणंच सोडलं. पुढचा रविवार आला, इस्त्री जागची हलली नाही. कपाट बंद, मोठं मशीन बंद. चष्मेवाल्यांचा फोन आला तर हे म्हणाले, "माझे कान फसवतात, मी येऊन काय करू?" आणि हे टोमणा मारत नव्हते, तेच तर दुखणं होतं. ह्यांना ते खरं वाटायला लागलं होतं. मी काही विचारलं की "तू नक्की असंच म्हणालीस ना?" असं परत विचारायचे. औषधाच्या बाटलीवरचं नाव दोनदा वाचायचे. मला संताप येत होता आणि रडूही येत होतं. त्यातलं रडणं मी कुणाला दाखवलं नाही.

शेवटी मीच डबडं उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेऊन टाकलं. ते घरी आलं की सगळं सिद्ध होईल, एवढाच माझा हिशोब. दुरुस्तीवाल्याने ते चकाचक करून दिलं. लेक त्या दिवशी घरी आली होती, तिच्यासमोरच मी रेकॉर्ड लावली.

संथ. तेच रेंगाळणारं, थोरल्या बहिणीचं गाणं. लेक म्हणाली, "आई, हे आपलं गाणं नाहीये." हे दारात उभे होते. "बघ," म्हणाले, आणि आत गेले.

मी चपला घातल्या त्या उलटसुलट घातल्या. लेक मागून पळत आली, कारण मी एकटी गेले तर भांडण होणार हे तिला ठाऊक होतं.

"काय केलंत हो माझ्या डबड्याचं?" मी दुकानात शिरतानाच विचारलं.

दुरुस्तीवाला गालात पेपरमिंट धरून बसला होता. "का? मोटर साफ केली, तेल घातलं, पट्टा बदलला. नव्यासारखं चालतंय."

"नव्यासारखं करायला कुणी सांगितलं होतं? गाणं बिघडवलंत तुम्ही."

"वहिनी, गाणं मी कसं बिघडवणार? उलट आधीच ते बिघडलेलं असणार. मोटरच्या चाकावर कुणीतरी चिंधी गुंडाळली होती. चाक जाड झालं की रेकॉर्ड पळते. मी ती काढून टाकली."

मी गप्प झाले. मी गप्प झाले की लेक घाबरते. तिने विचारलं, "कुठे आहे चिंधी?"

त्याने कोपऱ्यातला केराचा डबा ओतला. तारा, जळके स्क्रू, पेपरमिंटचे कागद, आणि त्यात तेलाने काळी पडलेली एक अरुंद पट्टी. मी ती अंगठ्याने पुसली. निळी, त्यावर पांढरे ठिपके. ते कापड मी जगात कुठेही ओळखेन. लेक पोटात होती तेव्हा तिच्यासाठी शिवलेलं पहिलं झबलं त्या कापडाचं होतं.

लेकीला म्हटलं, बाबांना घेऊन ये. नाही म्हणाले तर ओढून आण.

हे आले. चिंधी हातात घेतली, उजेडात धरली, आणि तिथल्याच स्टुलावर बसले.

"ही मी गुंडाळली होती," हे म्हणाले.

"तुम्ही?"

"तू झबलं शिवत होतीस. पट्टा घसरायचा, गाणं मध्येच लोळायचं आणि तू चिडायचीस. तुला तेव्हा चिडायची डॉक्टरांनी मनाई केली होती. जमिनीवर कातरण पडलं होतं, ते उचलून चाकावर गुंडाळलं. गाणं पळायला लागलं, तू हसलीस. मी दुकानात गेलो, आणि नंतर साफ विसरलो बघ."

लेक म्हणाली, "म्हणजे बाबा, तुमचे कान बरोबर होते."

हे तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होते की."

दुरुस्तीवाला म्हणाला, "असो. आता तरी यंत्र बरोबर चालतंय."

"ते परत बिघडवा," मी म्हटलं. "जसं होतं तसं."

त्याने पेपरमिंट या गालातून त्या गालात नेलं. चालू यंत्र बिघडवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. पण माझ्या तोंडाकडे बघून त्याने मुकाट्याने झाकण उघडलं. आता पंचाईत अशी की चिंधी किती वेळा गुंडाळलेली होती आणि किती ताणून, ते त्याला आठवेना. त्याने सगळी चिंधी गुंडाळली तर ती बाई चिमणीसारखी चिवचिवायला लागली. लेक पोट धरून हसली. थोडी सोडली तर परत थोरली बहीण. हे डोळे मिटून बसले होते. "नाही," म्हणायचे. "जवळ आलंय. अजून नाही. जरा सैल करा." मी माझा पाय फरशीवर हलवून बघत होते. शेजारचा पाववाला काय गडबड आहे बघायला आला आणि तिथेच थांबला. दुरुस्तीवाला सुरुवातीला वैतागला होता, पण पुढे तोच इरेला पेटला. "थांबा, थांबा, आता बघा," म्हणत परत झाकण काढायचा.

आणि मग एकदा सुई टेकली नि माझा पाय आपोआप बरोबर पडला. लेकीने पहिली ओळ म्हटली, ती थेट तिच्या गळ्यात बसली. ह्यांनी डोळे उघडले. नुसती मान डोलावली, पण चेहरा असा झाला होता की दुरुस्तीवाल्याने पैसे मागताना थोडे कमी मागितले.

त्या रविवारी इस्त्री चालली. डबडं आम्ही तिघांनी मिळून माडीवर चढवलं. मी म्हटलं, आधी पडद्यामागे वाजू दे, मग सांगा काय सांगायचं ते. ह्यांनी ऐकलं नाही. सगळ्यांसमोर उभे राहिले. "मी चुकीचं बोललो होतो. तिने हे गाणं दोनदाच गायलं. तिसरं जे आहे, ते आमच्या घरी झालं, मोटरला चिंधी गुंडाळून. आज ते घेऊन आलोय."

माडीवर हशा पिकला. हेही हसत होते. चष्मेवाले डबडं घेऊन पडद्याआड गेले.

गाणं सुरू झालं, तुरुतुरु, आमच्या खोलीत चालायचं तसं. मी मोठ्या बाईंकडे बघत होते. आधी त्यांच्या बोटांनी ताल धरला, मग चपलेने. कडवं संपायच्या आतच त्यांनी आपलं घर मिटलं, टक्क. गाणं अर्धं असताना घर मिटणं नियमात बसत नाही. त्यांच्यामागून सगळी माडी टकटकली. मोठ्या बाई ह्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "कानांचं मी बोलले ते मागे घेते." त्यांच्या आवाजात हे वाक्य कुणी पूर्वी ऐकलं नव्हतं.

तिथे भिंतीवर एक फळा आहे, त्यावर चष्मेवाले गाण्याखाली त्याची रेकॉर्डिंग लिहितात. त्यांनी खडू घेतला. अकॉर्डियन, व्हायोलिन, आणि त्याखाली: गोळीवाल्यांच्या घरचं. मला भरून आलं. या वेळी मी ते लपवलं नाही.

सोमवारी सकाळी दाराची बेल वाजली. चष्मेवाले उभे. इकडचं तिकडचं बोलले, पाणी प्यायले, आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, त्या निळ्या कापडाचा तुकडा शिल्लक असेल का? आमच्या घरी हिला आता ते गाणं तसंच हवंय."

मी चिंध्यांचं गाठोडं सोडलं. ठिपक्यांचं एक कातरण अजून होतं. मी कापायला कात्री उचलली तेवढ्यात ह्यांनी हात पुढे केला. "एवढं नको, जास्त होईल." फूटपट्टी लावून नीट मापून कापलं, दुकानात पावडरीची पुडी बांधायचे तसं कागदात बांधलं, आणि चष्मेवाल्यांच्या हातात देत म्हणाले, "कोरड्या हाताने गुंडाळा. आधी थोडंच. फरक पडला नाही तर अजून एक वेढा."

"आणि जास्त झालं तर?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तर मला बोलवा," हे म्हणाले. "मी ऐकून सांगतो."