दोन बाकांवर एकच नंबर

"मॅडम, एकाच दिवशी, एकाच टायमाला दोन पेपर? मी कशी बसू?" महादेवीने खिडकीतून हॉलतिकीट आत सरकवलं. लातूरहून पहाटेच्या एसटीने ती नांदेडला आली होती.

खिडकीआड बसलेल्या नाझनीनने हॉलतिकिटावरचा नंबर ओळखला. म्हणजे ही ती! विद्यापीठाच्या परीक्षा विभागात संगणकावर वेळापत्रक लावायचं काम नाझनीनचं. अवघड पेपर आधी बसवायचे, मग दोन-दोन पेपरांची अदलाबदल करत राहायचं. टकरा, म्हणजे एकाच पोराचे एकाच वेळी दोन पेपर, कमी झाल्या तर ठेवायचं, वाढल्या तर मागे फिरायचं. हजारो पोरांच्या टकरा अशा मिटवत मशीन शेवटी एका टकरीवर येऊन अडलं होतं. विभागाचे साहेब किशनराव खूश झाले होते. "एकच ना? सुटलो बुवा! द्या छापायला!" वर पेढेही वाटले. त्या एका आकड्याला तोंड असेल, हे कुणाच्या मनात आलं असेल तर शपथ.

"यातला एक मागल्या वर्षाचा दिसतोय. तो राहिला कसा गं?" नाझनीनने विचारलं.

"भूकंपात माय गेली, दोघं भाऊ गेले. तवापासून मधूनच डोकं बधिर होतंय. मागल्या साली कोराच पेपर देऊन आले. आता मामा तेवढा राहिला, तो म्हनतो औंदा पास झाली तर बी.एड., न्हाई तर लगीन. पोरगा बी बघून ठेवलाय."

"बस बेटा. बघते मी."

वाईटाकडे पाऊल टाकायचंच नाही, हे मशीनला तिनेच शिकवलं होतं. आज तिने ते काढून टाकलं. टकरा वाढू देत, पण पुढे जा. त्या वाढल्या, अशा भरमसाट वाढल्या की बाई घामाघूम! मग एकेक करत उतरल्या आणि दुपारी पडद्यावर शून्य आलं. नाझनीन आनंदाने खुर्चीतून उठलीच.

किशनरावांनी नवा कागद बघितला. "ह्यात रविवारी पेपर हाय. रविवारी लातूरच्या खोल्या क्लासवाल्यांच्या सराव परीक्षेला दिल्यात. अन् पहिलं छापून गेलंय. एका पोरीपायी सगळं बदलू का?"

"साहेब, ती भूकंपातली आहे."

"लातुरात कोन न्हाई, मॅडम?"

नाझनीन कागद उचलून निघाली. बाहेर महादेवीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती बाकावरून उठली.

"असू द्या, मॅडम. येवढंच सांगा, कोनता लिहू?"

नाझनीनने हॉलतिकीट तिच्या हातात परत दिलं.

परीक्षेच्या दिवशी तिने रजा टाकली आणि लातूर गाठलं. एका खोलीत महादेवी मान खाली घालून लिहीत होती. शेजारच्या खोलीत तोच नंबर खडूने लिहिलेलं बाक रिकामं होतं. नियमाप्रमाणे त्यावर प्रश्नपत्रिका ठेवलेली. पंख्याने ती उडायला लागली, तशी पर्यवेक्षकांनी तिच्यावर डस्टर ठेवलं. नाझनीन व्हरांड्यातच उभी राहिली.

शेवटची घंटा झाली. पर्यवेक्षकांनी कागद उचलला आणि त्याच डस्टरने बाकावरचा नंबर पुसून टाकला.