विट्याच्या उसातली पाहुणी

मी एक जुनी टाकी आहे, रॉकेटमधली. मित्रांनो, आकार लाल भोपळ्याएवढा आणि रंग करपलेल्या तव्याचा, म्हणून हसू नका. मी पृथ्वीभोवती फेऱ्या मारून आले आहे!

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात इंधन सांभाळत मी वर गेले. तेव्हा काय टाळ्या पडल्या! काम संपल्यावर मात्र कुणी विचारीना. शेवटी एका सकाळी भाजत, होरपळत खाली आले आणि धाडकन पडले ती विट्याजवळ, अंजनावहिनींच्या उसात.

त्यांचे दीर नानासो मदुराईत सोनं गाळतात. यात्रेसाठी गावी आले होते. विट्याचा गलाईवाला तो, धातू दिसल्यावर गप्प बसेल कसा?

"वैनी, गाळून बघू. लय भारी माल हाय!"

"आवं भावजी, शेजारणीची कोंबडी आपल्या परड्यात आली म्हणून कुणी कापून खातं व्हय? ज्याची हाय त्याला देऊ."

पण नानासोंनी भट्टी पेटवलीच. मी वितळले असते, तर मला माझं घर पुन्हा कधीच दिसलं नसतं. फार घाबरले हो मी! पण माझा धातू टायटॅनियम. सोन्याचं पाणी करणाऱ्या आचेला मी मुळीच दाद दिली नाही. नानासो घामाघूम झाले.

"लय चिवट हाय गड्या ही!" म्हणत ते मोठी भट्टी आणायला निघाले. तोवर वहिनींनी पोलीस पाटलांना कळवलं होतं. त्यांनी वर खबर दिली, आणि दारात तहसीलदार साहेबांची जीप उभी!

"लांब व्हा आधी! आत विषारी इंधन उरलेलं असू शकतं," साहेब ओरडले. मग शांतपणे म्हणाले, "आपल्या देशाचा अंतराळ कायदा अजून तयार होतोय. पण देशादेशांतला करार आपण मानलाय. वस्तू कुठंही पडो, मालकी पाठवणाऱ्या देशाचीच. ती परत द्यायची."

"म्हंजे वैनीची कोंबडीच की!" नानासो कपाळावर हात मारून म्हणाले. सगळं अंगण खो खो हसलं.

मला पेटीत बंद केलं. जीप निघणार, तोच वहिनी खण-नारळ घेऊन आल्या.

"बाई, सरकारी पेटी आहे ती."

"असू दे. लेक सासरी निघाली, ओटी न भरता कशी लावून देऊ?"

साहेबांनी मुकाट्यानं पेटी पुढं केली. वहिनींनी तिच्यावर हळदीकुंकू लावलं.

आज मी माझ्या कारखान्यात काचेमागं सुखात आहे. मित्रांनो, आकाशातून काही पडलं तर हात लावू नका, आधी कळवा. त्याचंही कुठंतरी घर असतं. माझी तर दोन आहेत. ती पेटी इथं माझ्या शेजारीच ठेवली आहे, आणि तिच्यावरचं कुंकू अजून कुणी पुसलेलं नाही.