पाव फेरा

निरुपमा मोहिते शनिवारी दुपारी कारखान्यात शिरली ती एका हातात सेवउसळीचा डबा आणि दुसऱ्या हातात रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. निजामपुऱ्याहून प्रतापनगरपर्यंत स्कूटरवर तो डबा न सांडता आणला, म्हणजे आजचा दिवस आपलाच, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. रात्रभर तिला झोप नव्हती. काळजी होतीच, पण त्याहून जास्त उत्साह होता. सहलीच्या आदल्या रात्री पोरांना असतो तसा.

कारखाना पंपदुरुस्तीचा. जुने पंप यायचे, उघडले जायचे, नवे होऊन परत जायचे. जोडणीच्या गटात माणसं चारच. तीन महिन्यांपूर्वी गटाची प्रमुख झालेली निरुपमा, बडबडी नयनाबेन, नुकताच कायम झालेला सौमित्र, आणि धनाजीराव. धनाजीराव चौतीस वर्षं बोल्ट आवळत होते. नऊ वर्षांपूर्वी निरुपमाच्या हातात पहिला पाना त्यांनीच दिला होता.

आणि आता दोन महिन्यांत तीन पंप गळतात म्हणून परत आले होते. इथल्या चाचणीत चोख ठरायचे आणि गिऱ्हाइकाकडे गरम झाले की आठवड्यात ठिबकायला लागायचे. मॅनेजर लक्ष्मीकांत साहेबांनी सकाळीच निरोप धाडला होता, "संध्याकाळपर्यंत मला चुकणाऱ्याचं एक नाव द्या. नाहीतर मी ठरवतो." ते काय ठरवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारपासून धनाजीराव स्टोअरमध्ये, खिडकीमागे, नटबोल्टांच्या पुड्या देत बसणार. ते निरुपमाला सहन होणारं नव्हतं. म्हणून तिने साहेबांकडे एक तास मागून घेतला होता.

"हे बघा," उसळ-पाव वाढून झाल्यावर ती फळ्यापाशी उभी राहिली, "आज भांडायचं नाही. आपण एकत्र काम कसं करतो ते जरा मागे वळून बघायचं. नियम एकच. दुसऱ्याची चूक काढायची नाही. मी काय केलं, तेवढंच चिठ्ठीवर लिहायचं."

दहा मिनिटांनी चिठ्ठ्या फळ्यावर लागल्या. सौमित्रने लिहिलं होतं, 'मी वेळेवर येतो.' नयनाबेननी लिहिलं होतं, 'चहा लेट येतो.' धनाजीरावांची चिठ्ठी कोरी.

"मॅडम," ते म्हणाले, "आम्ही बोल्ट आवळणारी माणसं. निबंध कुठून लिहिणार?"

ती प्रमुख झाल्यापासून ते तिला मॅडम म्हणत, आणि दर वेळी ते तिला टोचायचं. पण आज टोचलं ते वेगळंच. फळ्यावर चिठ्ठ्या तीन होत्या. चौथी, तिची स्वतःची, नव्हतीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तिने पेन उचललं. जे लिहायचं ते तिला कधीपासून माहीत होतं. एवढंच की ते ती चूक समजत नव्हती, माया समजत होती. तिने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "काकांनी आवळलेले बोल्ट मी त्यांच्या मागून पाव फेरा जास्त आवळते."

धनाजीराव हातातल्या पावाकडे बघत राहिले. आपण हे काय करून बसलो, असं निरुपमाला वाटलं.

"ताई, तुम्ही पण?" सौमित्र ताडकन उठला. "मी रोज करतो! काका हात धुवायला गेले की!"

"हाय हाय, हुं पण!" नयनाबेननी कपाळावर हात मारला. "मला वाटलं मी एकटीच! काकांचा हात जरा हलतो ना, मग कोणी बोल्ट ढिला म्हणून त्यांना बोललं तर? म्हणून द्यायची मी पण थोडं."

निरुपमाने बोटांवर बेरीज केली. पाव, पाव आणि पाव. म्हणजे पाऊण! टॉर्क पाना, हव्या त्या जोरावर 'टक' करून थांबवणारा, कपाटात खोक्यासकट पडून होता. धनाजीरावांचं मनगट हेच इथलं माप होतं आणि त्यांच्या मागून तो पाना लावणं म्हणजे सुगरणीच्या आमटीत तिच्यादेखत मीठ घालणं. ते कोण करणार? त्यापेक्षा तिच्या पाठीमागे चिमूटभर टाकलेलं बरं. तिघांनीही तेच केलं होतं.

"पाऊण नाही," धनाजीराव सावकाश म्हणाले. "पूर्ण. हात थरथरतो म्हणून मीच आधी पाव फेरा जास्त देतो."

"आणि पंप परत आला की?" निरुपमा जवळजवळ ओरडलीच.

"की अजून जोरात!" सौमित्र ओरडला.

"अरे देवा! म्हणजे बोल्ट ढिला नव्हताच, जास्त आवळला होता!" निरुपमा म्हणाली. "उघडा तो पंप, आत्ता उघडा!"

उसळ तशीच टाकून चौघंही धावली. परवाच परत आलेला पंप कोपऱ्यात होता. सौमित्रने बोल्ट सोडवले, नयनाबेननी झाकण उचललं, आणि आतलं गास्केट, दोन लोखंडांमध्ये गळती अडवणारी ती चकती, पार चेंगरून कागदासारखी पातळ झालेली. कडेला चीर. नयनाबेननी टाळ्या पिटल्या. निरुपमाला हसू आणि रडू एकदमच आलं.

आरडाओरडा ऐकून लक्ष्मीकांत साहेब आले. "नाव सापडलं?"

"चार सापडली, साहेब. पहिलं माझं." तिने गास्केट त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "काकांना हलवून काही होणार नाही. सोमवारपासून टॉर्क पाना वापरू. हेच चौघं, याच टेबलावर."

साहेबांनी ती चीर दोनदा उजेडात धरून पाहिली. "महिनाभर बघतो," ते म्हणाले. "एक जरी पंप परत आला, तर मात्र माझा निर्णय." जाताना उसळीचा एक द्रोण घेऊन गेले.

सौमित्र आणि नयनाबेन नाचायचे तेवढे बाकी होते. धनाजीराव मात्र फळ्यापाशी उभे होते. निरुपमा त्यांच्याजवळ गेली.

"माझा हात हलतो हे तुला कधीपासून माहीत होतं, निरू?"

"दिवाळीपासून, काका."

"मी समजत होतो, मी लपवलंय." ते कसनुसं हसले. "तुम्ही तिघं माझ्या पाठीमागे प्रेमाने आवळत होता, आणि हात लपवता लपवता मला तुमच्यात एकटं पडल्यासारखं वाटत होतं."

त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जे काय आवळायचं ते माझ्यासमोर.' हात थरथरत होता. ओळ तिरकी गेली, 'समोर'मधला शेवटचा र पार खाली घसरला. सौमित्रने सवयीने डस्टर उचललं, निरुपमाकडे पाहिलं, आणि परत जागेवर ठेवलं.

सोमवारी चौघं कामाला आली तेव्हाही ती ओळ तशीच होती, आणि टॉर्क पान्याचं रिकामं खोकं तिच्याखाली होतं.