पंखा बंद करून करायचं काम

"अहो, दोनच मिनिटं हं," म्हणत पेंटरकाकूंनी पंखा बंद केला.

काकूंची दोन मिनिटं त्यांच्या नवऱ्याला चांगली ठाऊक होती. ऊन उतरेपर्यंत ती संपत नसत. पण थर्मोकोलचं काम आणि पंखा यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तापलेल्या तारेने तुकडे कापले तरी कडा घासाव्या लागतात, आणि घासलं की पांढरे दाणे सुटतात. वारा लागला की रंगात, गोंदात, जेवणाच्या ताटात, नको तिथे जाऊन बसतात.

खोली गच्चीवरची, डोक्यावर पत्रा. खाटेवर पेंटर घामाने निथळत पडले होते. एके काळी या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मग छापील फलक आले आणि काम गेलं. पाठोपाठ उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा हातही गेला. नाव तेवढं मागे राहिलं. ते पेंटर आणि या पेंटरकाकू. काकू शाळांसाठी थर्मोकोलच्या वस्तू करू लागल्या, त्यावर घर चाललं होतं.

डॉक्टरांनी मागच्या खेपेला काही आडपडदा ठेवला नव्हता. "यांना गारव्यात ठेवा. या पत्र्याखाली हा उन्हाळा झेपायचा नाही त्यांना."

गारवा काय औषधाच्या दुकानात मिळतो? पण नेमकं तेव्हाच शाळेचं मोठं काम आलं. मुलांना हवामान आणि घरं समजावीत म्हणून चार घरं करून हवी होती. पावसाळी मुलखातलं उतरत्या छपराचं, वाळवंटातलं जाड भिंतींचं नि बारीक खिडक्यांचं, पाण्यावर खांब रोवून उभं केलेलं, आणि बर्फाचं. बर्फाचं तर एवढं मोठं, की पोरांना रांगत आत जाता यावं. या कामातून कूलर घ्यायचा, हे काकूंनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे नवऱ्याला गारवा मिळावा म्हणून त्या पंखा बंद करून राबत होत्या. शहाणपण म्हणावं की वेडेपणा, त्यांनाही कळत नव्हतं.

"अगं," पेंटर खाटेवरून जड जिभेने म्हणाले, "हे... काय?"

त्यांनी डाव्या हाताने नमुन्याच्या छोट्या बर्फाच्या घराकडे बोट दाखवलं. काकूंनी पाहिलं. पेंगत पेंगत त्यांनी पावसाळी घराचं धुराडं बर्फाच्या घरावर चिकटवलं होतं.

"चूल पेटवली... की घर... पाणी," पेंटर म्हणाले.

"मग काय, तेवढाच चहा होईल!"

दोघंही हसले. पेंटरांचं हसू अर्ध्याच तोंडावर उमटायचं, पण काकूंना ते पुरायचं. मग त्यांनी मोठ्या घरासाठी कापलेले जाड ठोकळे खाटेवर आणून ठेवले आणि पेंटर डाव्या हाताने त्यांवर विटांसारख्या निळसर रेघा ओढत राहिले. उजव्या हाताची सफाई नव्हती, पण रेघ सरळ होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाई धापा टाकत जिना चढून आल्या. सोबत त्यांची मुलगी होती. मुलगी आल्या आल्या घरांभोवती फिरू लागली. बाई मात्र दारातच घुटमळल्या.

"काकू, कसं सांगू... शाळेत आता थर्मोकोल आणायचाच नाही, असं ठरलंय."

"म्हणजे?"

"तो कुजत नाही ना. वर्षानुवर्षं तसाच राहतो."

"अहो बाई, आमच्या घरात टिकणारी तेवढी एकच वस्तू आहे," काकू म्हणाल्या. हसायला गेल्या, पण आवाज चिरकला. "पुठ्ठ्याची करून देऊ? दिवसरात्र बसते."

"वेळ नाही हो उरला. चार मोठे फलक छापूनच घेतोय. घरांचे फोटो." बाईंना खरोखर वाईट वाटत होतं. "माझ्या हातात असतं तर..."

छापील फलक म्हटल्यावर पेंटरांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"काकू," मुलगी घाम पुसत म्हणाली, "तुमचं घर कुठल्या हवामानातलं?"

"गप गं!" बाई दटावून म्हणाल्या.

"विचारू दे की. हे हवामान बघून नाही बांधलं बाळा. आणि आम्ही घेतलं ते भाडं बघून."

त्या दोघी गेल्या. काकू रडल्या नाहीत, त्या चिडल्या. ठोकळ्यांच्या ढिगाला त्यांनी एक लाथ हाणली. थर्मोकोलच तो, त्याला काय लागणार? ठोकळे आवाज न करता लांब जाऊन पडले. त्याने त्या जास्तच चिडल्या.

"आता काय करू मी? सांगा ना! तुम्हाला कुठे नेऊ?"

पेंटर बराच वेळ वर बघत होते. मग त्यांनी बोट आधी ठोकळ्यांकडे नेलं, मग पत्र्याकडे.

"वर... लाव."

काकूंना आधी वाटलं, ऊन डोक्यात गेलं. मग त्यांनीही वर पाहिलं. पत्र्याखालच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये ठोकळा बसेल एवढी जागा होती. त्यांनी स्टूल ओढलं, सुतळीचं बंडल काढलं आणि पदर खोचला.

पूर्वी पेंटर शिडीवर असत आणि काकू खालून सांगत, अक्षर वर गेलं, खाली आलं. आता खालून पेंटर सांगत होते.

"तिरकं."

"असू दे तिरकं. कोण बघायला येतंय?"

"मी... बघणार."

काकूंनी निमूटपणे ठोकळा काढून सरळ बसवला. मान अवघडली, दंड भरून आले. शेवटचा तुकडा बसला तेव्हा पेंटरांनी ओढलेल्या निळसर रेघा साऱ्या खोलीवर पसरल्या होत्या. खोली काही गार झाली नाही. पण वरून अंगावर पडणारी झळ थांबली. काकूंनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. उन्हाळा अजून बराच बाकी होता, पण तो निघेल असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

त्यांनी पंखा सुरू केला. जमिनीवरचे पांढरे दाणे उठले आणि खोलीभर उडू लागले. उघड्या रंगात पडले, गोंदात पडले, पेंटरांच्या भुवईवर जाऊन बसले. ते गाढ झोपले होते.

सवयीने काकूंचा हात बटणाकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि त्या खाटेच्या कडेला बसून राहिल्या.