चाळीस नंबरची खुर्ची आणि हाउसफुलची पाटी

मी एक घडीची खुर्ची बोलतेय. दचकू नका, आधी बसा. उभ्या माणसाशी बोलायची मला सवय नाही.

खुर्चीसाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात, असं मी पुष्कळ भाषणांत ऐकलंय. माझा अनुभव वेगळा आहे. माझ्यासाठी कित्येक वर्षं कुणी भांडलं नाही. मी शेवटच्या ओळीतली, दाराजवळची. ज्याला लवकर निघायचं असतं तो माझ्यावर बसतो, आणि बसतानाच घड्याळ बघतो.

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. आम्ही चाळीस बहिणी. लोखंडी नळीचे पाय, लाकडी पट्ट्यांची बैठक, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. माझा नंबर चाळीस. म्हणजे मी शेंडेफळ. पण शेंडेफळाचे लाड माझ्या वाट्याला आले नाहीत. माझा शेवटचा रिवेट ठोकताना जेवणाची घंटा झाली. कारागिराने हातोडा खाली ठेवला, आणि जेवून आल्यावर दुसरंच काम हातात घेतलं. तेव्हापासून माझा उजवा सांधा जरा हलला की करकरायचा. लोक म्हणतात, खुर्ची कुरकुरी आहे. अहो, कुणाच्या भुकेपायी तुमचं हाड अर्धवट राहिलं असतं, तर तुम्हीही कुरकुरला असता.

आम्हा सगळ्यांना एका वाचनालयाने घेतलं. खाली पुस्तकं, वर हॉल, मधे अरुंद जिना. हॉलची सगळी व्यवस्था शिपाईकाकांकडे. झाडणं, खुर्च्या मांडणं, खुर्च्या मिटणं, दिवे, पंखे, कुलूप, सगळं तेच बघायचे. सुरुवातीची वर्षं व्याख्यानांत गेली. मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, ती सोय देवाने मला दिलेली नाही. पण कंटाळलेला माणूस मला बसल्या बसल्या कळतो. आधी तो डावीकडे सरकतो, मग उजवीकडे, मग पाय लांब करतो आणि शेवटी जड होतो. जड झाला की समजावं, झोपला.

मग रविवारी संध्याकाळी पाच वाजता बँड यायला लागला.

तिघांचाच बँड होता. औषधांच्या दुकानातली ताई गायची आणि गिटार वाजवायची. निवृत्त गणिताचे सर कीबोर्डवर. आणि ड्रम्सवर प्लंबरदादा, एक काडी हातात, दुसरी दातांत, खिशात पाना. वाजवायला त्यांना दुसरी जागाच नव्हती. ताईच्या घरी सासऱ्यांना दुपारी झोप लागायची, सरांच्या घरी भिंती पातळ होत्या, आणि प्लंबरदादांच्या शेजाऱ्यांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, की एक तर ड्रम राहील नाहीतर आम्ही. तेव्हा हा हॉल गेला की बँड मोडला, हे तिघांनाही ठाऊक होतं.

गाणी त्यांची स्वतःची. कोपऱ्यावरच्या लंगड्या कुत्र्याचं एक, औषधाच्या चिठ्ठीवरच्या न वाचता येणाऱ्या अक्षराचं एक. सगळ्यांत लाडकं गाणं प्लंबरदादांचं, गळक्या नळाचं. त्या गाण्यात मध्येच तिघंही एकदम थांबायचे. थेंब नळाच्या तोंडाशी लोंबतोय पण पडत नाहीये, ती म्हणे ही शांतता. पहिल्यांदा ते गाणं झालं तेव्हा हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. टाचणी पडली नाही. मी करकरले.

दोष माझा एकटीचा नव्हता. माझ्यावर शिंपीणकाकू बसल्या होत्या. दिवसभर शिलाई मशीन चालवून त्यांचा उजवा पाय आपोआप हलतो, झोपेतही हलत असेल. "मी पाचच मिनिटं बसणार हं," असं बजावून त्या माझ्यावर टेकायच्या आणि शेवटच्या टाळीपर्यंत हलायच्या नाहीत. म्हणजे उठायच्या नाहीत. हलायच्या तर सारख्या.

सरांनी त्या दिवशी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की मला मिटून जावंसं वाटलं. पुढच्या रविवारी काकू पाय घट्ट धरून बसल्या. गाणं थांबलं, शांतता आली, मी गप्प. आणि गाणं पुढे सरकेना. प्लंबरदादांची काडी हवेत तशीच.

"काकू," ते ओरडले, "हला की! त्याच्याशिवाय थेंब पडल्यासारखा वाटत नाही!"

त्या दिवसापासून मी बँडमध्ये आहे. हे मी म्हणते, बाकी कुणी म्हणत नाही.

तीसेक माणसं यायची. मग थंडीचे दिवस आले आणि माणसं पंचविसावर आली. घरबसल्या फोनवर जगातली सगळी गाणी मिळतात, त्यासाठी जिना कोण चढणार? गाताना ताईची नजर रिकाम्या खुर्च्यांवरून फिरायची. ते शिपाईकाकांना बघवायचं नाही. काका बँडचे पहिले आणि सगळ्यांत हट्टी श्रोते. त्यांनी शक्कल लढवली. पंचवीस माणसं येतात ना? मग खुर्च्याही पंचवीसच मांडायच्या. पंधराजणींची रवानगी जिन्याखालच्या अडगळीत झाली. मी शेंडेफळ, म्हणून मान पहिला माझा.

"खुर्च्या कमी का हो?" ताईने विचारलं.

"दुरुस्तीला टाकल्यात," काका म्हणाले. "पण हॉल बघ कसा गच्च भरलाय!"

ताई हसली. काकांना एवढा आनंद झाला, की त्यांनी अडगळीतून जुनी लाल पाटी शोधून काढली. वर पांढऱ्या अक्षरांत 'हाउसफुल'. पुढच्या रविवारी बँडच्या मंडळींना येताक्षणीच बरं वाटावं, म्हणून त्यांनी ती साडेचार वाजताच जिन्याच्या दाराला लावली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं स्वतःशी म्हणत वर गेले.

मी त्या दाराच्या मागेच होते. बाहेरचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. पावणेपाचला पावलं वाजली, थांबली.

"अरे वा, हाउसफुल!"

"चला मग. पुढच्या वेळी लवकर येऊ."

आणि पावलं परत गेली.

माझ्या लाकडाची पट्टी न् पट्टी तापली. मी ओरडले असते, पण माझ्यावर कुणी बसल्याशिवाय मला आवाज फुटत नाही. माणसाने मला एवढंच दिलंय. तुम्ही टेकलात तर मी बोलणार.

पुढच्या रविवारी पाटी लागण्याआधी अठराच माणसं आली, म्हणून काकांनी अठरा खुर्च्या मांडल्या. मग तेरा. मग नऊ. जितकी पाटी लागे तितकी माणसं घटत, आणि जितकी माणसं घटत तितक्या भक्तिभावाने काका पाटी पुसून लावत. शिंपीणकाकूही आल्या होत्या. पाटी वाचून परत मात्र गेल्या नाहीत. "जागा नाही तर नाही," म्हणाल्या आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभ्या राहून ऐकत राहिल्या. लाकडी पायरीवर त्यांचा पाय हलायचा. पायरी नव्या लाकडाची होती, तिला करकरणं जमत नव्हतं. गळक्या नळाच्या गाण्यात वर शांतता व्हायची आणि ती नुसतीच शांतता असायची. मला इतकं वाईट वाटायचं, की सांगता सोय नाही.

नऊचा आकडा वाचनालयाच्या अध्यक्षांच्या कानावर गेला. वाईट माणूस नव्हता. खाली जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे छताला लागले होते आणि त्यांना जागा हवी होती.

"गठ्ठे निदान दररोज हजर असतात," ते काकांना म्हणाले. "येत्या रविवारी मी स्वतः येतो. चाळीस खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर हॉल बँडचा. नाहीतर सोमवारपासून गठ्ठे वर."

तो आठवडा तिघांनी जिवाचं रान केलं. ताईने औषधाच्या प्रत्येक पुडीबरोबर निरोप दिला. प्लंबरदादा नळ दुरुस्त करून झाला की म्हणायचे, "आता रविवारी या, याच्यावरचं गाणं ऐकवतो." सरांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले आणि आवाज ऐकूनच ते घाबरून हो म्हणाले.

आणि काका? काकांनी पाटीला नवा रंग दिला. चाळीस माणसं गोळा करणं आपल्या हातात नाही, पण अध्यक्षांना हॉल भरलेला दाखवणं आहे, असा त्यांचा हिशोब. वर नऊ खुर्च्या. खाली पाटी. साडेचारलाच.

त्या दिवशी दाराबाहेर जेवढी पावलं आली तेवढी मी आयुष्यात ऐकली नव्हती. "हाउसफुल?" "आत्ताच?" "माझा नळ दुरुस्त केला हो त्याने, खास यायला सांगितलं होतं." "मला सरांनी फोन केला होता, आता काय सांगू?" "चला, कोपऱ्यावर चहा तरी घेऊ." एकेक करून सगळी पावलं फिरली. मी मिटलेली, भिंतीला टेकलेली. असहाय म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

पाचला पाच कमी असताना अध्यक्ष आले. पाटी बघून "वा!" म्हणाले आणि खुशीत वर गेले. दोन मिनिटांत खाली आले. मागे काका, काकांच्या मागे बँड.

"नऊ माणसं! नऊ माणसांत हाउसफुल? काका, तुम्ही माझी चेष्टा करताय?"

"खुर्च्या नऊच मांडल्यात साहेब," काका पुटपुटले. "त्या भरल्यात."

"म्हणजे वर जागा आहे?" हा आवाज जिन्यातून आला. शिंपीणकाकूंचा. "अहो, मी चार रविवार इथे उभी आहे! माझे गुडघे कामातून गेले! आणि आत्ता माझ्या डोळ्यांदेखत तीस माणसं ही पाटी वाचून परत गेली!"

काकांचा चेहरा मला दिसला नाही, पण ते मटकन खालच्या पायरीवर बसले ते मी ऐकलं.

"ताई," ते म्हणाले, "मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लावली गं."

ताई त्यांच्याजवळ बसली. रागवायला हवं होतं, पण ती हसतही होती आणि रडतही होती. "काका, रिकाम्या खुर्च्या बघून मला वाईट वाटायचं हे खरं," ती म्हणाली. "पण रिकामी खुर्ची म्हणजे निदान कुणाला तरी यायला जागा असते ना?"

तेवढ्यात प्लंबरदादांनी पाटी दारावरून ओढून काढली, सरांनी खिशातला खडू काढला, निवृत्त झाले तरी त्यांच्या खिशात खडू असतोच, आणि शुद्ध वळणदार अक्षरात 'हाउसफुल'च्या पुढे लिहिलं: 'नाही'. काका ती पाटी डोक्यावर धरून रस्त्याने पळत सुटले. साठीचा माणूस, चपला एकीकडे, "जागा आहे, जागा आहे!" असं ओरडत चहाच्या दुकानापर्यंत. ताईने वरच्या खिडकीतून गाणं सुरू केलं आणि प्लंबरदादांनी गजांवर ठेका धरला.

माणसं परत आली. काही जण चहाचे कप हातात घेऊनच आली. अडगळीतून माझ्या बहिणी भराभर वर गेल्या. सगळ्यांत शेवटी मला उचललं, आणि माझा तो अर्धवट रिवेट निखळून पडला. उजवा पाय लुळा.

"एकोणचाळीस," अध्यक्ष वरून म्हणाले. त्यांनी खरोखरच मोजलं होतं. "एकोणचाळीस भरल्या. चाळिसावी कुठे आहे?"

प्लंबरदादांनी मला आडवं पाडलं. ड्रमची एक काडी माझ्या पायाला लावली, पाइपाचे दोन क्लॅम्प चढवले, पाना फिरवला. दीड मिनिटात मी उभी. त्यांच्याकडे वाजवायला एकच काडी उरली. मला दाराजवळ माझ्या जागी ठेवलं आणि दमलेले अध्यक्ष माझ्यावर बसले.

"उठा," शिंपीणकाकू म्हणाल्या.

"बाई, मी इथला अध्यक्ष आहे."

"असाल. ही माझी खुर्ची आहे."

"पण मी आधी बसलो!"

"मी चार रविवार आधी उभी आहे."

दोघं माझ्यासाठी भांडत होते! माझ्यासाठी! काकू जिंकल्या. अध्यक्ष माझ्या मागे उभे राहिले. चाळीस भरल्या आणि एक उभा.

शेवटचं गाणं गळक्या नळाचं. तिघं थांबले. शांतता. काकूंचा पाय हलला. आणि मी, नवे क्लॅम्प चढवलेली, घट्ट आवळलेली मी, मुकी! प्लंबरदादांची एकुलती एक काडी हवेत. काकू डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या, उपयोग शून्य. जुने श्रोते मागे वळून बघायला लागले. मला रडू फुटायचं बाकी होतं.

काय बिघडलं ते बघायला अध्यक्ष माझ्या पाठीवर पुढे झुकले. त्यांचं वजन भरपूर आहे. माझा डावा सांधा, जो आजवर कधी बोलला नव्हता, तो बोलला.

कर्रर्र!

काडी पडली, ड्रम घुमला, हॉल हसला. अध्यक्ष आधी गोरेमोरे झाले, मग टाळ्या थांबल्यावर घसा साफ करून म्हणाले, "ते मधलं पुन्हा एकदा होईल का? मी आता वेळेवर झुकतो."

गठ्ठे अजून खालीच आहेत. माझ्या पायाला ती काडी अजून आहे, आणि मला तेल घालायची सक्त मनाई आहे. पाटी काकांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. दर रविवारी चाळीस भरतात असं नाही. कधी बावीस, कधी पस्तीस. पण काका आता चाळीसच्या चाळीस मांडतात, आणि ताई रिकाम्या खुर्च्यांकडे बघूनही गाते.

आता उठा, माझं सांगून झालं. तुमच्याही गल्लीत कुठल्यातरी जिन्यावर, कुणीतरी दिवसभराचं काम आटोपून आपली गाणी वाजवत असेल. दारावर काहीही लिहिलेलं असू द्या, एकदा वर जाऊन बघा. माझ्यासारखी कुणीतरी शेवटच्या ओळीत वाट बघत असेल, आणि तुम्ही टेकल्याशिवाय तिला आवाज फुटणार नाही.